गिलावा

पेरूच्या फोडीवर दातांच्या खुणा फार स्वच्छ उमटतात. वरचे पुढचे दात रुंद, म्हणून त्यांच्या खुणा रुंद, खालच्यांच्या अरुंद. सर्वसाधारण चाव्यात रुंद खुणांची कमान बाहेर असते आणि अरुंद खुणा तिच्या आत बसतात, डब्यावर झाकण बसावं तशा. शिवलीलानं खिडकीच्या उजेडात धरलेल्या फोडीवर उलटं होतं. अरुंद कमान बाहेर, रुंद आत. दोन्हींमधलं अंतर तिला पट्टी न लावता सांगता येत होतं. अडीच मिलिमीटर. गेल्या दिवाळीत ते दीड होतं.

"आई, ती माझी फोड आहे," नीला म्हणाली.

"खात नाही गं. बघतेय."

"पेरूत काय बघायचंय? अळी आहे?"

"नाही."

"मग दे."

नीलानं फोड घेतली, गालाकडे सरकवली आणि दाढेखाली धरून तोडली. दहा वर्षांच्या मुलीनं पुढच्या दातांनी चावणं कधी सोडून दिलं, हे घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. भाकरीचा तुकडा ती हातानं लहान करून घेई, शेवया चमच्याला गुंडाळून गिळून टाकी. 'फ' म्हणताना तिचे वरचे दात खालच्या ओठाला न टेकता खालचे दात वरच्या ओठाला टेकत. ऐकणाऱ्याला त्यात फारसं काही जाणवत नसे. शिवलीलाला जाणवे.

"आज वर्गात शर्वरी माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, ड्रॉवर बंद कर, पेन्सिली दिसतायत."

शिवलीलाचा सुरी धरलेला हात थांबला. "मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, कुलूप बिघडलंय."

नीला स्वतःच्या विनोदावर हसली, आणि हसता हसता तिनं डावा हात तोंडावर नेला. ही सवय नवी होती. गेल्या महिन्यापर्यंत ती तोंड उघडं टाकून हसत असे.

*

मिरजेच्या ज्या दंत महाविद्यालयात शिवलीला काम करी, तिथं तिसऱ्या मजल्यावर वाढमापन विभाग होता. जिल्ह्यातल्या शाळांमधून दरवर्षी मुलांच्या चेहऱ्यांच्या तपासण्या होत आणि त्या सगळ्या इथं येत. यंत्र प्रत्येक क्ष-किरण चित्रावर चौतीस बिंदू टाकून जबड्याचे कोन काढी. ते बिंदू बरोबर पडलेत का, हे माणसानं बघायचं. शिवलीला तेरा वर्षं हेच बघत आली होती. घरच्या माणसाची फाइल मात्र स्वतः तपासायची नाही, असा नियम होता. नीलाची फाइल शेजारच्या टेबलावर मुश्ताक शिकलगारकडे असे.

वरचा जबडा कवटीला जणू शिवलेला असतो आणि त्याची वाढ तशी लवकर आटोपते. खालचा जबडा कानांपुढच्या दोन सांध्यांवर टांगलेला असतो, झोपाळ्यासारखा. त्या सांध्यांच्या टोकांवर कूर्चेची एकेक टोपी असते. मूल वयात येऊ लागलं, की तिथल्या पेशी वेगानं दुणावतात आणि जबडा वर्षाला तीन-चार मिलिमीटर पुढे सरकतो. बहुतेकांत वरचा आणि खालचा एकमेकांना सांभाळून वाढतात. काहींमध्ये वरचा थांबतो, खालचा चालतच राहतो. मग खालचे दात वरच्यांच्या पुढे येतात, घास नीट तुटत नाही, काही अक्षरं घसरतात, सांधे कुरकुरतात. लहानपणी मुखवटा लावून वरचा जबडा पुढे ओढण्याचा उपाय जुनाच होता आणि पुष्कळांना तो पुरेही. पण ज्यांचा खालचा जबडा आडदांड, त्यांच्यात तो वयात येताना पुन्हा मुसंडी मारी. अशांनी अठरा-वीस वर्षांचं होईपर्यंत थांबायचं आणि मग हाड कापून मागे बसवायचं, एवढाच मार्ग होता.

आठ वर्षांपूर्वी नवं औषध आलं. तांदळाच्या कणीएवढी गोळी, सुईनं दोन्ही सांध्यांपाशी ठेवायची. ती दीड वर्ष विरघळत राहते आणि कूर्चेच्या पेशींना 'दुणावा' असा जो रासायनिक निरोप मिळतो, तो वाटेत अडवते. तिचं खरं नाव कुणाला एका दमात घेता येत नसे. मिरजेत सगळे तिला मुसकी म्हणत, मळणीच्या बैलाच्या तोंडाला बांधतात ती.

मुसकीच्या अटी कडक होत्या. वाढीचा जोर सुरू होण्याच्या थोडं आधीच ती घालायची. ती वेळ मानेच्या मणक्यांवरून ठरवायची, कारण त्या सुमारास मणक्यांच्या खालच्या सपाट कडा खोलगट होऊ लागतात. ती एकदाच घालता येते, कारण औषध संपल्यावर कूर्चा घट्ट होऊन जाते आणि पुन्हा औषध तिच्यात मुरत नाही. मात्रा कमी पडली, तर राहिलेलं व्यंग तसंच राहतं. जास्त झाली, तर हनुवटी आत जाते, घसा अरुंद होतो आणि माणूस जन्मभर झोपेत गुदमरतो. म्हणून खालचा जबडा शेवटी वरच्याच्या किती पुढे जाणार, हे आधी सांगावं लागे. ते काम वाढपट नावाच्या गणिती प्रणालीचं. मुलाची आतापर्यंतची मापं, त्याची जनुकं आणि आईवडिलांचे चेहरे तिला द्यायचे. जनुकं शेकडो, प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. सगळ्यांत जास्त वजन आईवडिलांच्या चेहऱ्यांना. अंदाज चार मिलिमीटरच्या वर गेला तर मुसकी. चारच्या आत असेल तर नाही.

"ताई, नीलाचा वाढपट आला," मुश्ताक म्हणाला. "तीन पूर्णांक दोन."

"चारच्या आत."

"आतच की. पेढे आणा." मग त्यानं खुर्ची जवळ ओढली. "पण मला पटंना झालंय. तीन तपासण्या झाल्या, पोरगी दर खेपेला यंत्राच्या रेषेच्या वरनंच चाललीय. यंत्र म्हणतंय मापनातला फरक. मी म्हणतो गिलावा."

गिलावा हा त्यांच्या विभागातला शब्द. भिंतीत भेग असली तरी वरून गिलावा केला की ती दिसत नाही, तसा आईचा किंवा बापाचा चेहरा शस्त्रक्रियेनं सुधारलेला असतो आणि तो मूळचाच समजून यंत्राला दिला जातो. पालकांना क्ष-किरण लावायची परवानगी नव्हती, फक्त चेहऱ्यावरून प्रकाश फिरवून आकार घ्यायचा. आतल्या पट्ट्या आणि स्क्रू त्यात दिसत नाहीत. फॉर्मवर एक ओळ होती: चेहरा मूळचा की उपचारित. लोक 'मूळचा'वर खूण करून मोकळे होत.

"कुणाचा गिलावा?" शिवलीलानं विचारलं.

"तुमचा तर नसणार." मुश्ताक हसला. "तुमचा स्कॅन तर मी नवीन पोरांना शिकवायला वापरतो. सगळे कोन पुस्तकातल्यासारखे. तुमच्या सासरी, कोरेसाहेबांच्यात बघा कुणीतरी असंल. आणि लवकर बघा. मणके बघता सहा आठवडे आहेत, फार तर."

शिवलीला आपल्या पडद्याकडे वळली आणि पुढचं चित्र उघडलं. तिचे कोन पुस्तकातल्यासारखे होते, कारण हुबळीच्या सर्जननं ते पुस्तकात बघूनच बसवले होते. सतरा वर्षांपूर्वी. वरचा जबडा पुढे, खालचा मागे, सहा आठवडे दात तारेनं बांधलेले आणि नळीनं पिण्याचं पातळ जेवण. त्याआधी एकवीस वर्षं शाळेत, गल्लीत आणि घरातही तिचं नाव सुपली होतं. धान्य पाखडायच्या सुपलीसारखा पुढे आलेला ओठ.

तारा निघाल्यावर वडिलांनी तिचे जुने फोटो एका पाकिटात घालून कपाटात ठेवले. "अपेंडिक्स काढलं ते आपण सांगत बसतो का कुणाला?" ते म्हणाले होते. "तसंच हे." दोन वर्षांनी कोऱ्यांचं स्थळ आलं. वडील गेले, आई गेली. भाऊ तिच्या सासरी आला की तिला जाणीवपूर्वक 'शिवलीला' म्हणे, प्रत्येक वेळी क्षणभर थांबून.

आणि तीन वर्षांपूर्वी शाळेच्या पहिल्या तपासणीला पती चन्नवीर शेजारी उभा असताना तिनं 'मूळचा'वर खूण केली होती. ज्या चुकीला ती स्वतः रोज हसायची, तीच.

*

चन्नवीर हळदीच्या शीतगोदामाचा व्यवस्थापक होता. कितीही धुतली तरी त्याच्या नखांच्या कडा पिवळ्याच असत. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा त्याच्या आईनं, शोभाबाईंनी, जेवणाच्या टेबलावर जुना अल्बम उघडून ठेवला होता.

"ही बघ गंगूआत्या. तुझ्या आजोबांची बहीण. बघ हिची हनुवटी."

चन्नवीरनं फोटो हातात घेतला. नऊवारीतली एक म्हातारी, हनुवटी नाकाकडे निघालेली.

"तरी मी म्हणत होते," शोभाबाई म्हणाल्या, "शिवलीलाच्या घरातली सगळी तोंडं अशी कोरल्यासारखी, मग पोरीला हे आलं कुठनं? आमच्याच घराण्यातनं आलं म्हणायचं. मी हिला बघायला गेले तेव्हा पहिल्यांदा चेहराच बघितला हो. म्हटलं, निदान पुढची पिढी तरी सुधारंल."

"आई, पुरे," चन्नवीर म्हणाला.

"खोटं बोलते का मी? मागच्या साली भावकीतल्या मल्लूच्या लग्नात काय झालं? नवरीचं नाक ऑपरेशननं केलेलं निघालं, ते सुद्धा डॉक्टरच्या कागदावरनं कळलं. आठ महिने पोरगी माहेरी बसली. नाकाचं काही नाही, पण फसवलं की त्यांनी. आपण तसलं नाही केलेलं. जे आहे ते उघड आहे."

शिवलीला भात वाढत होती. तिनं चन्नवीरच्या पानात दुसऱ्यांदा वाढला, मग तिसऱ्यांदा, आणि त्यानं हात आडवा धरला तेव्हा थांबली.

जेवणानंतर ती धुतलेले कपडे घेऊन नीलाच्या खोलीकडे निघाली आणि दाराशीच उभी राहिली. आत चन्नवीर पलंगाच्या कडेवर बसला होता.

"माझ्याकडून आलंय ते तुला," तो म्हणत होता. "माझ्या आजोबांच्या बहिणीचं तसंच होतं. म्हणजे माझ्या अंगात ते लपून बसलं होतं आणि तुला देऊन टाकलं. सॉरी, बाळा."

"तुला माहीत होतं?"

"नाही गं. माहीत असतं तर..."

"मग सॉरी कशाला?" नीला म्हणाली. "मुद्दाम दिलं असतंस तर सॉरी."

चन्नवीर हसला, पण त्याच्या आवाजात हसू आलं नाही. "तरी पण. बापानं म्हणायचं असतं."

शिवलीलानं कपडे दाराबाहेरच्या खुर्चीवर ठेवले. पायजमे एकावर एक नीट रचले, मोजे जोडीनं ठेवले, आणि परत स्वयंपाकघरात आली. फ्रीजचं दार उघडून तिनं आत बघितलं आणि काहीच न घेता लावून टाकलं.

*

दुसऱ्या आठवड्यात तिनं डॉक्टर रुकडीकरांची वेळ मागून घेतली. रुकडीकर विभागाचे प्रमुख. निवृत्तीला एक वर्ष उरलेला, टक्कल पडलेला, सावकाश बोलणारा माणूस. त्यांच्या टेबलावर चहा आणि खारी होती.

"वाढपट बाजूला ठेवून उपचार करता येतील का, सर?" तिनं विचारलं. "तुमच्या अनुभवावर. तिन्ही तपासण्या रेषेच्या वर आहेत."

"मात्रा किती देऊ?"

शिवलीलानं फाइलमधले तिन्ही आकडे पुन्हा एकदा वाचले.

"तीच तर अडचण," रुकडीकर म्हणाले. "ती मुलगी वाढणार हे मला पण दिसतंय. पाच वाढणार का आठ, ते दिसत नाही. अंदाजानं सुई घातली आणि चुकलो, तर अठराव्या वर्षी तिची शस्त्रक्रिया साधीसुद्धा राहायची नाही. घट्ट झालेल्या सांध्यावर कापाकापी कुणी आनंदानं करत नाही. खारी घ्या."

तिनं खारी घेतली, चहात बुडवली, खाल्ली. वडिलांचा चेहरा वगळून फक्त आईचा दिला तर, आईचा वगळून फक्त वडिलांचा दिला तर, अशी दोन-तीन गणितं तिनं घरून करून आणली होती. ती तिनं मांडली. प्रत्येक वेळी उत्तर शून्यापासून अकरापर्यंत कुठंही जाऊ शकत होतं. रुकडीकर ऐकत राहिले.

"हनुवटीवर खारीचा तुकडा आहे," ते मध्येच म्हणाले.

तिनं पुसला.

"डावीकडे अजून आहे."

तिनं पुन्हा पुसलं. घरी हे काम चन्नवीर करायचा. बोलता बोलता अंगठा पुढे करून तो तिच्या हनुवटीवरचं दहीभाताचं शीत काढे आणि 'वेंधळी' म्हणे. पंधरा वर्षं त्याला ती वेंधळी वाटत होती.

"लागलेलं कळत नाही?" रुकडीकरांनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली, आणि मग तिला आपण काय म्हणालो ते कळलं.

रुकडीकरांनी कप खाली ठेवला. "खालच्या जबड्याच्या हाडातून एक नस जाते. ओठाची आणि हनुवटीची जाणीव तिच्यात असते. हाड कापून सरकवलं की ती ताणली जाते. बहुतेकांची जाणीव परत येते. काहींच्यात दोन बोटांएवढा तुकडा कायमचा बधिर राहतो." ते खिडकीकडे बघत बोलत होते, वर्गात शिकवावं तसे. "मी चाळीस वर्षं जबडे कापले, शिवलीलाबाई. पूर्वी लोक कुंडली लपवायचे, मग हनुवटी लपवायला लागले. दोन्हींत माझं काही जात नव्हतं. आता हे यंत्र आलं, आणि ते फक्त खऱ्यावर चालतं."

"सर, नोंदीत दुरुस्ती..."

"दोन्ही पालकांसमोर, दोघांच्या सहीनं. एकानं दुसऱ्याच्या माघारी मुलाची नोंद बदलू नये म्हणून तसा कायदा आहे. चांगला कायदा आहे, पण त्याची गैरसोय होते." त्यांनी फाइल मिटली. "मी तुम्हाला काही विचारलेलं नाही. महिनाभर वेळ आहे. दोघं या."

त्या महिन्यात शिवलीलानं सहा वेळा बोलायचं ठरवलं. एकदा चन्नवीरला गोदामातून फोन आला, एकदा शोभाबाई पापड वाळवायला घेऊन बसल्या. उरलेल्या चार वेळा कुणीच आड आलं नाही. त्यातल्या एका संध्याकाळी ती आणि चन्नवीर कृष्णेच्या घाटावर शेजारी शेजारी बसले होते, तो विचारत होता, "गप्प का?" आणि ती म्हणत होती, "काही नाही, काम वाढलंय." तिनं वाक्यं जुळवून ठेवली होती. प्रत्येक वाक्य 'तुला सांगायचं राहून गेलं' असं सुरू होई, आणि तिथंच ते खोटं ठरे. राहून गेलेलं नव्हतं. तिनं ते पंधरा वर्षं रोज राखलेलं होतं.

नीलाच्या खुणा तेवढ्यात तीन मिलिमीटरवर गेल्या. शाळेच्या स्नेहसंमेलनात तिला निवेदन मिळालं होतं. तिनं ते शर्वरीला देऊन टाकलं. विचारल्यावर म्हणाली, "पाठ व्हायला वेळ नव्हता." निवेदन आठ ओळींचं होतं.

*

शेवटी वेळ मागून घेतली ती चन्नवीरनं. मुदतीला चार दिवस उरले होते. बुधवारी सकाळी अकराला सगळे रुकडीकरांच्या खोलीत बसले. शोभाबाईही आल्या होत्या, मांडीवर अल्बम घेऊन. नीला कोपऱ्यातल्या खुर्चीवर दातांच्या प्लॅस्टिकच्या साच्याची उघडझाप करत होती.

"डॉक्टरसाहेब," चन्नवीर म्हणाला, "तुमचं यंत्र तीन पूर्णांक दोन म्हणतंय, कारण त्याला आमच्या घराण्याची पूर्ण माहिती नाही. ही माझ्या आजोबांची बहीण. हिची नोंद करा."

रुकडीकरांनी फोटोवर भिंग धरलं. "किती वय होतं यात?"

"पंच्याहत्तर असंल," शोभाबाई म्हणाल्या.

"दात नाहीत तोंडात. दात गेले की सगळ्यांचीच हनुवटी नाकाला भेटायला निघते, बाई. माझीही निघेल."

"नाही हो. तरणीपणीच तशी होती म्हणतात."

"कोण म्हणतं? तुम्ही पाहिलंय?"

"मी कशी बघणार? माझं लग्न झालं तेव्हा त्या म्हाताऱ्याच होत्या. पण म्हणतात."

चन्नवीर पुढे झुकला. त्यानं हात टेबलावर ठेवले होते, पिवळ्या कडांची दहा नखं समोर. "डॉक्टर, घरातल्या इतिहासाची घोषणा पालकांनी सही करून दिली की ती तुम्हाला मान्य करावी लागते. मी नियम वाचून आलोय. मी लिहून देतो. ते माझ्याकडून आलंय. माझ्या वडिलांचाही जबडा तसाच होता असं लिहा हवं तर."

"होता का?"

"होता असं लिहा."

"चन्नू, तुझ्या बापाचं तोंड..." शोभाबाई म्हणाल्या.

"आई, तू गप बस. तिला शाळेत काय म्हणतात माहितेय का तुला?"

कोपऱ्यात साच्याची उघडझाप थांबली.

रुकडीकरांनी गंगूआत्या आणि चन्नवीरचे वडील अशा दोन ओळी भरल्या आणि प्रणाली चालवली. अर्ध्या मिनिटानं आकडा आला. त्यांनी पडदा सगळ्यांना दिसेल असा वळवला.

"चार पूर्णांक तीन. म्हणजे उपचार करता येतात. सर्वांत कमी मात्रा, पाव."

"झालं मग," चन्नवीर म्हणाला. त्याचे खांदे सैल झाले. तो नीलाकडे वळून हसला. "ऐकलंस? होतंय."

"दुखतं?" नीलानं विचारलं.

"मुंगी चावल्यासारखं," रुकडीकर म्हणाले. मग चन्नवीरला म्हणाले, "सही करण्याआधी नीट विचार करा. घोषणा चुकली की मात्रा चुकते. पाव मात्रा चार-साडेचारची वाढ धरेल. खरी वाढ आठ-नऊची असेल तर निम्मी राहील, आणि दुसऱ्यांदा मुसकी घालता येत नाही." हे सगळं ते चन्नवीरशी बोलत होते. शिवलीलाकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

"काहीच न करण्यापेक्षा पाव बरं," चन्नवीर म्हणाला आणि पेन उचललं.

शिवलीलानं पडद्यावरचा आकडा वाचला. चार पूर्णांक तीन. कुणी काही विचारणार नव्हतं. तिनं नुसतं बसून राहायचं होतं. नीलाला सुया टोचल्या जातील, दोन वर्षं सगळे खूश राहतील, आणि मग तेराव्या वर्षी जबडा पाव मात्रेला न जुमानता पुढे निघेल. अठराव्या वर्षी घट्ट झालेला सांधा कापून काढायला सर्जन शोधावा लागेल. तेव्हाही चन्नवीर पलंगाच्या कडेवर बसून सॉरी म्हणेल. त्या वेळी हे खोटं तिच्या एकटीचं उरणार नव्हतं. खाली चन्नवीरची सही असणार होती.

चन्नवीरनं पहिलं अक्षर काढलं.

"चन्नू, सही करू नकोस," ती म्हणाली.

सासूसमोर तिनं त्याला नावानं कधी हाक मारली नव्हती. शोभाबाईंनी अल्बम मिटला.

"का?" चन्नवीर म्हणाला. "वेळ कुठाय आता?"

"गंगूआत्याची ओळ खोड. तुझ्या बाबांचीही ओळ खोड. त्यांच्याकडून काही आलेलं नाही, तुझ्याकडूनही नाही." तिचा आवाज रोज बिंदू तपासताना असतो तसाच, सपाट होता. "सर, नोंदीत दुरुस्ती करायचीय. मी सांगते, तुम्ही लिहा, मग आम्ही दोघं सही करतो. आईचा चेहरा: मूळचा नाही, उपचारित. शस्त्रक्रिया हुबळी, दोन हजार सत्तावीस. वरचा जबडा चार मिलिमीटर पुढे, खालचा पाच मागे. एकूण नऊ. चन्नू, यंत्राला हे माहीत नव्हतं कारण मी लिहिलं नाही, आणि तुला माहीत नव्हतं कारण मी सांगितलं नाही."